दमलेला नायक, कोवळे सुपरहिरो आणि न थांबणारा खलनायक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुपरहिरोंच्या कथांमधला एक प्रसंग मला सगळ्यात प्रिय आहे. ज्याच्या भरवशावर सगळं शहर निर्धास्त झोपतं तो नायक जायबंदी झालेला असतो. कुणालाच न आवरणारा खलनायक चालून येत असतो. आणि दोघांच्या मध्ये चार-पाच पोरं उभी असतात, शक्ती नवी आणि हात अजून थरथरणारे. अशा कथांबद्दल वाचक, पालक आणि नव्याने लिहू पाहणारे पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं देताना काही गाजलेल्या कथांचे शेवट सांगावे लागले आहेत. ज्यांना ते आधी कळायला नको असतील त्यांनी जपून वाचावं.

या कथेचा खरा नायक कोण, मोठा की मुलं?

मी वाचताना एकच गोष्ट बघतो: कुणाला बदलावं लागतं? मुलांना धीर गोळा करायचा असतो, पण धीर त्यांच्यात बहुतेक आधीपासूनच असतो. बदलावं लागतं ते मोठ्याला. ज्याने आयुष्यभर ‘मी आहे ना’ म्हटलं, त्याला ‘आता मला एकट्याला जमत नाही’ असं म्हणायचं असतं. माझ्या मते अख्खी कथा या एका वाक्यावर उभी असते. ते वाक्य नायक वेळेवर बोलला तर पोरं वाचतात. उशिरा बोलला तर कुणीतरी किंमत मोजतं. पुढची बरीचशी उत्तरं फिरून याच वाक्यापाशी येतात.

‘न थांबणारा’ म्हणजे कधीच न हरणारा का?

नाही. हा फरक ज्याला कळला त्याला ही कथा कळली.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण ‘एक्स-मेन’ या अमेरिकी कॉमिक मालिकेतल्या जगरनॉटचं. हे नाव मुळात आपल्याकडचंच. पुरीच्या जगन्नाथाच्या रथयात्रेची युरोपीय प्रवाशांनी अतिरंजित वर्णनं केली, रथाखाली माणसं चिरडली जातात असं लिहिलं, आणि त्यातून ‘जगन्नाथ’चा इंग्रजीत ‘जगरनॉट’ झाला. अर्थ उरला तो वाटेतलं सगळं चिरडत जाणाऱ्या शक्तीचा. देवाच्या नावाची ही गत वाचून मला पहिल्यांदा वाईट वाटलं होतं, पण पात्राला नाव चपखल बसलं आहे हे मान्य करावं लागतं.

स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी हा खलनायक १९६५ साली आणला. तो एकदा चालू लागला की भिंत, दगड, आग, कशानेच अडत नाही. पण ‘त्याला अडवता येत नाही’ याचा अर्थ ‘त्याच्यावर कशाचाच परिणाम होत नाही’ असा होत नाही. त्याच्या मनावर घाव घालता येतो. डोक्यावरचं हेल्मेट त्या घावापासून त्याचं रक्षण करतं, म्हणून हेल्मेट हेच त्याचं खरं मर्म.

१९८२ साली हाच जगरनॉट स्पायडर-मॅनच्या समोर आला. रॉजर स्टर्न यांनी लिहिलेल्या आणि जॉन रोमिटा ज्युनियर यांनी चितारलेल्या त्या दोन अंकांत स्पायडर-मॅन जाळी, ठोसे, जे हाताशी येईल ते सगळं करून बघतो. काहीच चालत नाही. शेवटी तो त्याच्या पाठीवर चढतो, त्याचे डोळे झाकतो आणि त्याला एका बांधकामावरच्या ओल्या काँक्रीटमध्ये चालायला लावतो. जगरनॉट थांबत नाही, चालतच राहतो, आणि चालता चालता खाली जातो.

हिरण्यकश्यपूची गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही. वराची यादी जितकी लांब, तितकी त्यातली फट शोधायला सोपी. न थांबणारा खलनायक लिहिणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनीही ही यादी मनात मांडून बघावी: याला नेमकं काय काय अडवू शकत नाही? आणि त्या यादीत काय यायचं राहून गेलं आहे?

मग पोरांनी जगरनॉटला हरवलं कसं?

हा प्रसंग सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण या प्रकारच्या कथेचा इतका स्वच्छ नमुना मला दुसरा सापडलेला नाही.

एक्स-मेनचे गुरू आणि त्यांच्या शाळेचे प्रमुख प्रोफेसर झेवियर चाकांच्या खुर्चीत बसलेले. दुसऱ्याच्या मनात शिरण्याची त्यांची शक्ती अफाट, पण त्या हेल्मेटपुढे ती निकामी. त्यांचे पाच विद्यार्थी, सायक्लॉप्स, एंजल, बीस्ट, आइसमन आणि मार्व्हल गर्ल, सगळे किशोरवयातले. १२व्या अंकात जवळजवळ शेवटपर्यंत खलनायकाचा चेहरा दिसतच नाही. शाळेभोवती उभारलेले अडथळे एकामागोमाग एक कोसळतात, आवाज जवळ येत जातो, आणि त्याच वेळी प्रोफेसर विद्यार्थ्यांना आपल्या लहानपणाची हकिगत सांगत बसतात. येणारा माणूस त्यांचा सावत्र भाऊ आहे. कोरियाच्या युद्धात एका हरवलेल्या देवळात त्याला एक रत्न सापडलं आणि तो असा झाला.

दाराशी शत्रू असताना गुरू गोष्ट काय सांगत बसले आहेत, असं काही वाचकांना वाटतं. मला उलट वाटतं. आपल्या घरातली दुखरी गोष्ट शिष्यांपुढे उघडी करणं, हेच त्या क्षणी प्रोफेसरांच्या हातात होतं. समोर कोण येतं आहे आणि ते कुठून आलं, हे माहीत नसलेल्या पोरांना लढायला उभं करणं हा त्यांच्यावर अन्याय झाला असता.

१३व्या अंकात विद्यार्थी मार खातात, पुन्हा उठतात. शेवटी अंगाच्या ज्वाळा करणाऱ्या ह्यूमन टॉर्च या सुपरहिरोला मदतीला बोलावलं जातं, तोही त्यांच्याच वयाचा. टॉर्चच्या ज्वाळांनी जगरनॉटचे डोळे दिपतात, एंजल झेपावतो आणि हेल्मेट उपटून काढतो. मग प्रोफेसर मनाचा एकच घाव घालतात आणि डोंगर कोसळावा तसा तो पडतो. पोरांपैकी कुणीही जगरनॉटपेक्षा बलवान नव्हतं. त्यांनी एक झाकण काढलं.

नायकाला दुबळं करावंच का लागतं?

कारण नायकांची ताकद वर्षानुवर्षं वाढत जाते आणि एका टप्प्याला कथाच संपते. १९३८ सालचा पहिला सुपरमॅन उडत नव्हता, लांब उड्या मारत होता. तोफगोळा फुटला तर त्याच्या कातडीला इजा होऊ शकेल असं तेव्हा लिहिलेलं होतं. पुढे तो उडू लागला, ग्रह हलवू लागला. मग त्याच्यावर वचक ठेवेल असं काहीतरी लागलं. त्याला दुबळं करणारा दगड, क्रिप्टोनाइट, आलं ते १९४३ साली, तेही आधी रेडिओ-मालिकेत. कॉमिकच्या पानांवर ते १९४९ साली पोचलं.

पण हिरवा दगड दाखवून नायकाला गुडघ्यावर आणणं हा सगळ्यात सोपा मार्ग. त्यापेक्षा थकवा मला जास्त खरा वाटतो. १९९३ साली बॅटमॅनच्या कथेत बेन हा खलनायक आला. तो थेट लढायला आला नाही. त्याने आधी अर्कम या मनोरुग्णालयातले सगळे गुन्हेगार मोकळे सोडले. बॅटमॅन एकेकाला पकडत राहिला, धड झोप नाही, विश्रांती नाही. त्याचा किशोरवयीन साथीदार रॉबिन आणि घर सांभाळणारा आल्फ्रेड थांबायला सांगत होते, त्यांचं त्याने ऐकलं नाही. शेवटी तो लडखडत घरी आला तर बेन घरातच वाट पाहत होता. त्याने बॅटमॅनला गुडघ्यावर आपटून त्याची पाठ मोडली.

‘मला मदत हवी’ हे वाक्य न बोलल्यामुळे काय होतं, याचं यापेक्षा नेमकं चित्र मी पाहिलेलं नाही. मदत दारात उभी होती. ती घेतली नाही.

दुबळेपण शरीराचंच असायला हवं का?

मुळीच नाही. दुःखाने खचलेला नायक, वय झालेला नायक, स्वतःवरचा विश्वास उडालेला नायक, हे सगळे चालतात. वाचकाला ते जास्त भिडतात, कारण असं दुबळेपण प्रत्येकाने आपल्या जवळच्या माणसात पाहिलेलं असतं.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. कथेच्या सोयीनुसार दुबळेपण येता-जाता कामा नये. पहिल्या प्रकरणात हात मोडला असेल तर शेवटच्या लढाईतही तो मोडलेलाच असला पाहिजे.

लहान सुपरहिरोंची परंपरा कधीपासूनची?

१९४० सालापासूनची, म्हणजे सुपरहिरो जन्माला आल्यावर दोनच वर्षांत. त्या वर्षी एप्रिलच्या अंकात बॅटमॅनच्या जोडीला रॉबिन आला. पुढच्याच वर्षी, १९४१ साली, जो सायमन आणि जॅक कर्बी यांच्या कॅप्टन अमेरिकाबरोबर पहिल्याच अंकात बकी आला. हे सगळे साथीदार. नाव मोठ्याचं, मागे धावणारा लहान.

१९६२ साली स्पायडर-मॅन आला आणि किशोरवयीन मुलगा स्वतःच कथेचा नायक झाला, डोक्यावर कुणी मोठा नसलेला. १९६३ साली ‘एक्स-मेन’मध्ये पोरांची अख्खी शाळाच आली. १९६४ साली रॉबिन, किड फ्लॅश आणि अ‍ॅक्वालॅड आपापले गुरू बाजूला ठेवून पहिल्यांदा एकत्र लढले, आणि त्याच चमूचे पुढे ‘टीन टायटन्स’ झाले. चोवीस वर्षांत साथीदार चमू होऊन उभे राहिले. जायबंदी नायकाला सावरण्याची कथा खऱ्या अर्थाने त्यानंतरच शक्य झाली. नुसतं मागून धावणाऱ्या पोराला पुढे काय करायचं हे सुचत नाही. चमूला सुचतं.

मोठे सुपरहिरो इतके असताना पोरंच का धावून येतात?

हा प्रश्न वाचक रागाने विचारतात, आणि त्यांचा राग बरोबर आहे. लेखकाने याचं उत्तर आधी दिलं नाही तर कथा पोकळ वाटते.

एक उत्तर असं की मोठे आधीच पडलेले असतात. १९९२ साली डूम्सडे नावाचा राक्षस आला तेव्हा त्याने त्या वेळच्या जस्टिस लीगला, म्हणजे मोठ्या सुपरहिरोंच्या चमूला, धूळ चारली, आणि तेसुद्धा एक हात पाठीमागे बांधलेला असताना. त्या एका तपशिलाने वाचकाला जी धडकी भरते ती पानभर वर्णनाने भरत नाही.

दुसरं उत्तर मला जास्त आवडतं. खलनायकाने मोठ्यांचा अभ्यास केलेला असतो. त्यांच्या चाली, सवयी, कमजोरी त्याला पाठ असतात. पोरं त्याच्या हिशेबातच नसतात. जगरनॉटला झेवियरची भीती होती म्हणून तो हेल्मेट घालून आला. पंख असलेलं एक पोरगं ते उपटून नेईल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

सुपरमॅनला डूम्सडेपासून मुलांनी का वाचवलं नाही?

त्या लढाईत कुणीच वाचवू शकलं नसतं अशीच तिची रचना होती. शेवटाकडच्या अंकांत प्रत्येक पानावर आधी चार चौकटी, पुढच्या अंकात तीन, मग दोन, आणि अखेरच्या अंकात पानभर एकच चित्र. श्वास कोंडत जावा तसं ते वाचताना होतं. नोव्हेंबर १९९२ मध्ये आलेल्या त्या अंकात दोघंही एकमेकांच्या घावाने पडतात.

पण तुम्हाला हवी असलेली कथा त्यानंतर येते, आणि बरेच वाचक तिथपर्यंत पोचतच नाहीत. १९९३ साली सुपरमॅन परत आला तो शक्ती गमावून. अंगात काळा पोशाख, उडायला यंत्राचे बूट, हातात बंदूक. एरवी ज्याला कशाचीच गरज नसते तो माणूस असा साधनं गोळा करून उभा राहिलेला पाहणं मला फार हलवून गेलं. तो लपवत नाही की आपल्याला आता पूर्वीसारखं येत नाही. त्याच्या सोबत असतात स्टील, सुपरगर्ल आणि सुपरबॉय. हा सुपरबॉय तेव्हा अगदी नवा, फुशारक्या मारणारा, कानात बाळी, अंगात जॅकेट. शत्रूचं क्षेपणास्त्र मेट्रोपोलिसकडे सुटतं तेव्हा हाच पोरगा त्याला लटकतो आणि शहर वाचवतो. सुपरमॅनला ते तेव्हा जमलं नसतं.

शेवटी सुपरमॅनला त्याची शक्ती परत मिळते, तीही स्वतःच्या जोरावर नाही. सुपरमॅनच्या गैरहजेरीत त्याच्या जागी आलेल्यांपैकी एक, इरॅडिकेटर, त्याच्यासमोर आडवा येतो, क्रिप्टोनाइटचा मारा आपल्या अंगावर घेतो आणि त्यातून सुपरमॅनपर्यंत शक्ती पोचते. म्हणजे नायक उठला तो दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवूनच.

मुलं मदतीला आली म्हणजे मोठ्या नायकाचा मान कमी झाला असं नाही का?

टिम ड्रेकची गोष्ट वाचा आणि मग ठरवा. १९८९ साली हा मुलगा बॅटमॅनच्या कथेत आला. आधीचा रॉबिन, जेसन टॉड, मारला गेला होता आणि बॅटमॅन बेफाम, निष्काळजी झाला होता. टिमने बातम्या वाचून, बारकाईने निरीक्षण करून हे ताडलं. त्याला स्वतःला रॉबिन व्हायचं नव्हतं. तो पहिल्या रॉबिनकडे, म्हणजे डिक ग्रेसनकडे गेला आणि परत चला म्हणाला, कारण बॅटमॅनला रॉबिनची गरज आहे.

पुढे बॅटमॅन आणि डिक दोघंही टू-फेस या खलनायकाच्या सापळ्यात अडकतात, तेव्हा हा पोरगा रॉबिनचा पोशाख चढवून त्यांना सोडवायला जातो. बॅटमॅनला राग येतो. राग येणारच, कारण आपल्याला काय झालं आहे हे एका मुलाने ओळखलं होतं आणि तोंडावर सांगितलं होतं. यात त्याचा मान गेला असं मला कधीच वाटलं नाही. कुणीतरी आपल्याकडे इतकं नीट लक्ष देतं आहे, याहून मोठा मान कोणता?

नायकाने आपली शक्तीच मुलांना देऊन टाकली तर?

तशीही एक फार सुंदर कथा आहे. १९८४ साली लुईस सायमन्सन आणि जून ब्रिगमन यांनी ‘पॉवर पॅक’ ही मालिका आणली. परग्रहावरचा घोड्यासारखा दिसणारा एक भला जीव मरणाच्या दारात असतो. मरताना तो आपल्या शक्ती चार भावंडांत वाटून देतो. थोरला अ‍ॅलेक्स बारा वर्षांचा, धाकटी केटी अवघी पाच वर्षांची. एकाकडे गुरुत्वाकर्षणावर ताबा, एकीकडे उडण्याचा वेग, एकाकडे शरीर विरळ-घट्ट करण्याची किमया, आणि सगळ्यात धाकटीकडे ऊर्जेचे गोळे.

सगळ्यात स्फोटक शक्ती सगळ्यात लहान मुलीकडे देणं हा लेखिकेचा निर्णय मला अफलातून वाटतो. आणि शक्ती वाटली गेल्यामुळे एकटं कुणीच पुरं पडत नाही. भांडणं होतात, रुसवे-फुगवे होतात, तरी शेवटी चौघांना एकत्र यावंच लागतं, कारण त्या मेलेल्या पाहुण्याची पूर्ण ताकद चौघांत मिळूनच असते.

मुलांना जिवावरच्या लढाईत ओढणं बरोबर आहे का?

या पानावरचा हा सगळ्यात कठीण प्रश्न, आणि मी तो टाळणार नाही.

आपल्याला अभिमन्यू माहीत आहे. चक्रव्यूहात शिरायचं त्याला येत होतं, बाहेर पडायचं येत नव्हतं. मोठे म्हणाले, तू वाट फोड, आम्ही मागून येतो. जयद्रथाने त्यांना दारातच अडवलं. त्या कथेत पोराच्या शौर्याचं जितकं कौतुक होतं तितकीच मोठ्यांच्या आश्वासनाची चर्चा व्हायला हवी असं मला नेहमी वाटतं.

कॉमिकनेही हे दुःख टाळलेलं नाही. १९६४ साली कॅप्टन अमेरिका बर्फातून जिवंत सापडला तेव्हा त्याची पहिली आठवण होती ती बकीची, जो त्याच्या डोळ्यांदेखत गेला असं तो समजत होता. पुढची कित्येक दशकं ते ओझं त्या पात्राच्या खांद्यावर राहिलं. बकी परत आला तो थेट २००५ साली, एड ब्रुबेकर यांच्या लेखणीतून, आणि तोही शत्रूच्या हातचं हत्यार होऊन.

सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रसंग १९८८ सालचा. जोकरच्या तावडीत सापडलेला जेसन टॉड जगावा की मरावा हे प्रकाशकांनी वाचकांना फोन करून ठरवायला सांगितलं. छत्तीस तास, दोन फोन क्रमांक, एका फोनला पन्नास सेंट. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी एक पोरगा गेला. पात्र कागदावरचं होतं हे मला कळतं, तरी हे आकडे वाचताना आजही पोटात कालवतं.

म्हणून माझं उत्तर असं आहे. कथेत मुलांनी लढावं, पण तीन गोष्टी असल्या पाहिजेत. काय धोका आहे ते त्यांना खरं खरं सांगितलेलं असावं. नाही म्हणायची मोकळीक असावी. आणि बाहेर पडायची वाट मोठ्याने आधी बघून ठेवलेली असावी. यातली एक गोष्ट जरी सुटली तरी वाचकाला त्या नायकाबद्दल शंका येते, आणि यायलाच हवी.

मग मोठ्याने त्यांना बळजबरीने घरी बसवलं तर?

तेही कथेत येतं. २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटात थकलेला, पोट सुटलेला, दुसऱ्या विश्वात आल्यामुळे अंगच विस्कटू लागलेला पीटर, म्हणजे जुना स्पायडर-मॅन, नव्याने स्पायडर-मॅन होऊ पाहणाऱ्या तरुण माइल्सला जाळ्याने खुर्चीला बांधून ठेवतो. माइल्सची शक्ती अजून त्याच्या ताब्यात आलेली नसते, म्हणून. प्रेमानेच करतो, आणि त्या घटकेला त्याचं बरोबरही असतं. माइल्स स्वतःच्या बळावर त्यातून सुटतो, तेव्हा त्याची तयारी झाली आहे हे आपल्याला पटतं. पुढे पीटर स्वतः मागे राहून मरायला तयार असतो, तर हाच पोरगा त्याला हट्टाने त्याच्या घरी पाठवतो. थकलेल्या माणसाला परत जगायला लावणं, हीसुद्धा मदतच.

शेवटचा घाव कोणी घालावा?

ठरलेलं उत्तर नाही. जगरनॉटच्या कथेत गुरू घालतो, पण पोरांनी वाट करून दिल्यावर. २०१७ च्या ‘लोगन’ या चित्रपटात उलट आहे. लोगन, म्हणजे एक्स-मेनमधला वुल्व्हरिन, म्हातारा आणि आजारी, आणि समोर त्याचीच तरणी, निर्दय प्रतिकृती. त्याच्या अंगातलं अ‍ॅडमँटियम, म्हणजे हाडांवर चढवलेला अभेद्य धातू, त्यालाच विषासारखं पोखरतं आहे. तिथे शेवटची गोळी झाडते ती त्याची मुलगी लॉरा, आणि ती गोळी अ‍ॅडमँटियमचीच असते, स्वतःला संपवायला म्हणून लोगनने वर्षानुवर्षं जपून ठेवलेली. त्याच्या निराशेची वस्तू मुलीच्या हातात गेल्यावर तिचा अर्थच बदलला.

एवढं मात्र नक्की सांगतो: नायक अचानक बरा होऊन एकट्यानेच खलनायकाला लोळवतो आणि पोरं टाळ्या वाजवतात, असा शेवट करू नका. मग इतका वेळ ती पोरं तिथे कशाला होती?

खलनायक मेलाच पाहिजे का?

नाही. तो अडकला, त्याची शक्ती गेली, त्याला पुढे जाण्यात अर्थ उरला नाही, एवढं पुरतं. बॅटमॅनच्या जागी आलेला जाँ-पॉल व्हॅली कवचाच्या आणि क्रौर्याच्या आहारी गेला, तेव्हा १९९४ साली बरा झालेल्या ब्रूसने, म्हणजे मूळ बॅटमॅनने, त्याला अरुंद बोगद्यात ओढलं. आत शिरायचं तर कवच काढत जावं लागलं. शेवटी ब्रूसने झाकण उघडून लख्ख उजेड आत सोडला आणि त्याने डोक्यावरचा मुखवटाही काढला. कुणी मेलं नाही.

मला अशी कथा लिहायची आहे. सुरुवात कुठून करू?

नायकाच्या कबुलीपासून. तो कुणाला, कुठे आणि किती उशिरा सांगतो की त्याला आता जमत नाही, हा प्रसंग आधी लिहा. तो जमला तर बाकीचं आपोआप सुचत जातं.

मग पोरांच्या शक्ती ठरवा, पण त्या छोट्या ठेवा. सगळ्यात बलवान पोर कोण याचा विचार करू नका. खलनायकाच्या यादीतून सुटलेल्या त्या एका फटीत कुणाचा हात जाईल, त्याचा विचार करा. एकाची शक्ती अगदी निरुपयोगी वाटेल अशी ठेवली तर उत्तम, फक्त शेवटी ती कामी येताना ओढूनताणून वाटू नये. तिचा साधा, रोजचा वापर कथेत आधी दोनदा तरी दिसलेला असावा.

पहिला बेत फसू द्या. पोरं घाबरली, एखादं पळूनही गेलं, तरी चालेल. पळून गेलेलं पोर परत येतं तेव्हा वाचक त्याच्या बाजूने जितका उभा राहतो तितका दुसऱ्या कुणाच्याच राहत नाही. आणि खलनायकाला फार बोलू देऊ नका. १९६५ चा तो अंक आठवा, आधी नुसतेच कोसळणारे अडथळे.

या कथा कोणत्या वयाच्या मुलांना द्याव्यात?

‘पॉवर पॅक’ आणि साठच्या दशकातले ‘एक्स-मेन’ नऊ-दहा वर्षांपासून चालतील, ‘स्पायडर-व्हर्स’ घरातल्या सगळ्यांनी मिळून बघण्याजोगा आहे. जेसन टॉडची कथा थोड्या मोठ्या मुलांसाठी, आणि शक्यतो वाचून झाल्यावर बोलायला कुणी तरी सोबत असावं. ‘लोगन’ प्रौढांसाठीच.

लढाई संपल्यावर नायकाने मुलांना काय द्यावं?

बहुतेक कथा इथे घाईत संपतात. मिठी, सूर्यास्त, संपलं. मला पुन्हा टिम ड्रेकचीच आठवण होते. सापळ्यातून सोडवल्यावर बॅटमॅनने त्याला लगेच रॉबिन केलं नाही. कित्येक महिने शिकवलं, आणि तयार होईपर्यंत बाहेर पडायचं नाही अशी सक्त ताकीद दिली. १९९० साली बॅटमॅन स्केअरक्रो या खलनायकाच्या हाती सापडला, तेव्हा टिम ताकीद मोडून, साधा मुखवटा चढवून त्याला सोडवायला गेला.

त्यानंतर त्याला पोशाख मिळाला, पण जेसनचा नव्हे, नवा. नील अ‍ॅडम्स यांनी रेखाटलेला. आधीचे दोन्ही रॉबिन पन्नास वर्षं उघड्या पायांनी छपरांवरून उड्या मारत आले होते. टिमच्या पोशाखात पाय घोट्यापर्यंत झाकलेले होते.